बोटाला कळलं तरच

काळुरामने निखारा चिमटीत धरला आणि तो बोलत राहिला. कल्याणच्या बाजारात, दोरखंडवाल्याच्या दुकानाच्या पायरीवर, पौषातल्या भर सकाळी. चिलीम गुणाजीची, शेगडी दुकानदाराची. निखारा उचलून चिलमीवर ठेवायचा, एवढंच काम; कुणीही माणूस ते झटक्यात करतो, बोटं झाडतो, वर एखादी शिवी हासडतो. काळुरामने निखारा उचलला आणि तो तसाच धरून खडवलीच्या सासऱ्याच्या म्हशीची हकिगत सांगू लागला. म्हैस नदीत कशी उतरली, सासरा काठावरून तिला कसा लेकीसारखा विनवत बसला, आणि शेवटी ती बाहेर आली ती दुसऱ्याच्याच गोठ्यात कशी जाऊन उभी राहिली. दुकानदार हसला, गुणाजीही हसला. मग वास आला. दिवाळीत केसाला पणती लागली की येतो तसा, पण त्याहून जड. गुणाजी म्हणाला, अरे, ठेव तो. काळुरामने खाली पाहिलं, आपल्या हाताकडे, दुसऱ्या कुणाचा हात असावा तसं, आणि निखारा चिलमीवर ठेवला. नंतर, बऱ्याच उशिराने, त्याने बोटं झटकली आणि तोंडाने स्स केलं. भाजलेलं माणूस इतका विचार करून ओरडत नाही.

काळुरामकडून चिलीम गुणाजीच्या हातात आली तेव्हा ती त्याने ओढली नाही. खोकला येतोय म्हणाला. खोकला त्याला आयुष्यात आला नव्हता.

गुणाजी कोपरच्या खाडीकाठच्या मिठागरावर टोळीचा नाईक होता. पन्नाशी उलटलेला, पायांनी फताडा, जिभेने तिखट, आणि आपल्याला माणसाची पारख आहे अशी पक्की समजूत असलेला. मिठागराला तिकडे सगळे आगर म्हणतात, आणि आगर ज्याचं, गडी त्याचा, असा त्या काठचा रिवाज आहे. म्हणजे माणूस ज्या आगरावर चिखल तुडवतो आणि मीठ ओढतो, त्याच आगराकडून तो चैत्रातल्या जत्रेत आट्यापाट्या खेळतो. खेळ मुळात आगरातच जन्मला असला पाहिजे असं गुणाजी म्हणायचा. मिठाच्या चौकोनी कोंड्या, कोंड्यांमधले बांध. एकाने कोंडीत अडकायचं, दुसऱ्याने बांधावरून त्याला राखायचं, यात खेळ वेगळा तो काय. मैदानावर नुसते बांधांच्या जागी पट्टे आखायचे. आडव्या पट्ट्यांवर पाटीवाले उभे राहतात, आपापल्या पट्ट्यापुरते हलतात. पण मधून उभा जो लांब पट्टा जातो, त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारा एकच गडी, तो सूर. सूर चांगला तर आगराची मान वर. काळुराम तीन वर्षं कोपरचा सूर होता, आणि त्या तीन वर्षांत कळवा, दिवा, मुंब्रा, कुठल्याच आगराला सगळे पट्टे ओलांडून परत येऊन कोपरवर लोण चढवता आलं नव्हतं. लोक त्याचा हात बघायला बैलगाड्या जोडून येत. चौथ्या वर्षी, म्हणजे गेल्या चैत्रात, समोरचे गडी त्याच्या अंगाला घासून जात होते आणि काळुराम गप्प होता.

गप्प होता, हीच तर गोम होती. या काठावर आट्यापाट्यांना पंच नसतो. सुराने शिवलं की त्यानेच म्हणायचं, लागला; आणि तो म्हणाला की समोरचा हूं की चूं न करता बाहेर जातो. पळणाऱ्याने आपणहून कबूल करायचं नसतं, तो त्याचा धर्म नाही. न्याय सुराच्या जिभेवर. सूर खोटं बोलला तर त्या वर्षी आगरात मीठ धरत नाही, पाणी तसंच राहतं, असं जुने लोक सांगतात, आणि मिठाच्या खात्याचे साहेब आले, आगगाडी आली, डोंबिवलीला ठेसन झालं, तरी या एका गोष्टीची परीक्षा घ्यायची छाती कुणाला झाली नव्हती. काळुरामला सूर गुणाजीनेच केला होता. मिसरूड फुटलेला, आईबापावेगळा, काठीसारखा पोर आगरावर आला तेव्हा गुणाजी स्वतः सूर होता आणि त्याचे गुडघे बोलू लागले होते. त्याने काळुरामचे डोळे फडक्याने बांधले आणि त्याच्या बोटांच्या टोकांना एकेक वस्तू लावली. पान, धोतराचा सोगा, घामेजलेला दंड, कोरडा दंड. काय लागलं बोल. नुसता वारा लागला तर वारा बोल. डोळ्याला वाटलं म्हणून लागला म्हणायचं नाही, बोटाला कळलं तरच बोलायचं. काळुराम हसायचा, चुकायचा, महिन्याभराने चुकेनासा झाला. पुढे तर पळणाऱ्याच्या अंगावरचा केस बोटाला चाटून गेला तरी त्याला कळे आणि तो म्हणे, लागला, आणि त्या आवाजात इतकी खात्री असे की कळव्याचे आडदांड गडीसुद्धा मान खाली घालून जात.

कल्याणहून दोघे ठाकुर्लीवरून रुळांच्या कडेने परत निघाले. दोरखंडाचं ओझं काळुरामच्या डोक्यावर, नव्या फळ्या गुणाजीच्या खांद्यावर. एरवी गुणाजी त्याच्या पाठीत थापा मारत चालायचा. ती त्याची बोलायची रीतच होती, एक वाक्य, एक थाप. आज तो दोन पावलं मागे राहिला. ऊन चढलं तेव्हा काळुरामने लोटा पुढे केला, आणि घशाला कोरड पडलेली असूनही गुणाजी म्हणाला, तहान नाही. समोर ती पाठ चालत होती. उजव्या खांद्याखाली पांढुरका डाग. आगरावर सगळ्यांच्याच पाठी पांढऱ्या असतात. खारं पाणी वाळतं, अंगावर मिठाची नक्षी उठते, संध्याकाळी तळ्यावर धुतली की जाते. हा डाग गुणाजी वर्षभर बघत होता आणि वर्षभर मीठच समजत होता. शंभर पाठींत एक पाठ, कोण धुऊन बघतो? आज काळुराम आगरावरून आलेला नव्हता. तो सकाळी आंघोळ करून, स्वच्छ होऊन बाजाराला आलेला होता. डाग तिथेच होता, तळहाताएवढा, कडेला किंचित तांबूस, आणि त्यावर घाम येत नव्हता. बाकी सगळी पाठ घामाने चमकत होती.

रक्तपिती हा शब्द गुणाजीने मनातसुद्धा पुरता उच्चारला नाही. पहिलं अक्षर आलं की तो फळ्या या खांद्यावरून त्या खांद्यावर घेई. त्याला हौसाबाई आठवली. कोपरचीच, पाटलांच्या भावकीतली, गोरीपान बाई. तिचं बोट झडलं तेव्हा गावाने तिला खाडीपलीकडे खोपट बांधून दिलं. गावाने म्हणजे कुणी? गुणाजी त्या वेळी पंचविशीचा होता, खोपटाचे मेढे त्यानेच रोवले होते आणि मेढे रोवताना आपण पुण्याचं काम करतोय असं त्याला वाटलं होतं. एका दगडावर भाकरी ठेवायची आणि मागे न बघता यायचं. एकदा ती पाण्यासाठी इकडे आली. बायकांनी ओरडा केला, पुरुष धावले, गुणाजीही धावला. त्याने दगड मारला नाही. उचलला मात्र होता. एवढ्या वर्षांत त्याने स्वतःला पुष्कळदा सांगितलं होतं की आपण मारला नाही, पण उचलला होता हे सांगायची पाळी स्वतःवर आज पहिल्यांदा आली. आता तर मुंबईत म्हणे असल्या लोकांना रस्त्यावरून उचलून एका आवारात नेऊन ठेवतात. ठेवतात आणि पुढे काय करतात, ते सांगायला कुणी परत आलेलं नव्हतं.

घरी गेल्यावर त्याने बाभळीचा काटा घेतला आणि परसात बसून आपली बोटं एकेक करून टोचून बघितली. आगऱ्याची बोटं ती, मिठाने चरबरीत झालेली, त्यांना काय पटकन कळणार. करंगळीला कळेना. मग त्याने काटा असा रुतवला की रक्त आलं, आणि तो मोठ्याने म्हणाला, कळलं. बायजा, त्याची बायको, मासळी साफ करत होती. ती म्हणाली, काय कळलं. काही नाही म्हणाला. ती म्हणाली, या वयात काही कळायला लागलं असेल तर बरंच आहे.

त्याच आठवड्यात दगडू एक निरोप घेऊन आला. दगडू म्हणजे टोळीतला कारभारी माणूस, सगळीकडे ओळख, सगळीकडे जेवण. कळव्याच्या आगराचा नाईक धोंडीबा त्याला भेटला होता. धोंडीबाचा सूर रेल्वेत खलाशी होऊन गेला, जागा मोकळी आहे, आणि त्याला काळुराम हवा होता. बदल्यात तो सहदेव आणि आनंदा ही भावांची जोडी द्यायला तयार होता. विशीतले दोघे, पायात वारं भरल्यासारखे. माघी पौर्णिमेला कोंड्यांचा चिखल तुडवायला सुरुवात होते, त्याआधी टोळ्या पक्क्या होतात; कुणाला आगर बदलायचं तर तोवरच. त्यानंतर वर्षभर नाही. असे बदल पूर्वीही झाले होते, पण सुराचा कधी झाला नव्हता. सूर द्यायचा म्हणजे घरातला देव द्यायचा.

संध्याकाळी बांधावर सगळे जमले. काळुरामला बोलावलं नव्हतं, अशा बोलण्याला ज्याचं बोलणं त्याला बोलवत नाहीत. दगडूने आपलं म्हणणं नीट मांडलं. माणसाचा काळ असतो. तीन वर्षं दिली त्याने, कोण नाही म्हणतो, पण गेल्या चैत्रात डोळ्यांसमोरून चौदा गडी गेले आणि याच्या तोंडातून एक शब्द नाही. नावाचा डंका अजून वाजतोय तोवर देऊन टाकावा. पुढच्या चैत्रात तो असाच उभा राहिला तर धोंडीबा फुकटसुद्धा घेणार नाही. एका थकलेल्या हाताला चार ताजे पाय मिळतायत. म्हातारा गोविंदा, जो पूर्वी गुणाजी सूर असताना पाटीवर उभा राहायचा, तो चिडला. म्हणाला, बैल एकदा अडखळला म्हणून कुणी दावणीतून सोडतो का? हाताला गिऱ्हाण लागतं, सुटतं. कुणी म्हणालं, कळव्यावाल्यांनी त्याला फितवला असणार, म्हणून गप्प बसला. कुणी म्हणालं, बायको आल्यापासून ढिला पडलाय. यावर हशा झाला. गुणाजी ते सगळं ऐकत होता आणि त्याला एकाएकी त्या लोकांचा भयंकर राग आला, कारण त्यांना काही ठाऊक नव्हतं. आणि लगेच स्वतःचा राग आला, कारण त्याला ठाऊक होतं. चौदा गडी गेले होते. त्यातल्या किती जणांना काळुरामचा हात लागला असेल? चौदाही जणांना लागला असेल. तो उभा होता आणि बोटांच्या टोकाशी काही येईल म्हणून वाट बघत होता, आणि काही आलं नाही, म्हणून तो बोलला नाही. डोळ्यांनी दिसत होतं. नुसतं लागला म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? पण बोटाला कळलं तरच बोलायचं, हे त्याला शिकवलं होतं ना. असला शहाणपणा शिकवणाऱ्याची जीभ झडली पाहिजे, असं गुणाजीला वाटलं, आणि झडणे हा शब्द मनात येताच त्याने तिथल्या तिथे मूठ आवळली. सगळे त्याच्याकडे बघत होते. तो म्हणाला, आठ दिवस द्या.

आठ दिवस तो न्याय करत होता. निदान त्याला तसं वाटत होतं. ठेवला तर काय? ठेवला तर चैत्रात पुन्हा सुराच्या पट्ट्यावर उभा राहणार, हजार डोळे त्याच्या हातावर, कुणीतरी बघणार. सुरावरून काढून मागच्या पाटीवर टाकला तर कारण सांगावं लागणार. काही न सांगता घरी बसवला तर लोक दुप्पट चौकशी करणार. आणि आगरावर तर पन्नास माणसं एकाच मडक्यातलं पाणी पितात, तुळसा, म्हणजे काळुरामची बायको, सगळ्या बायकांबरोबर एका पंगतीला बसते. गुणाजीचं स्वतःचं घर, त्याच्या लेकी, नातवंडं. दिला तर? दिला तर सुंठीवाचून खोकला गेला. कोपरची सुटका होईल, काळुरामचं नाव चांगलं राहील, इथून निदान मानाने जाईल. पण कळव्यालाही माणसंच राहतात आणि त्यांचंही एकच मडकं असतं. आणि तिथे, परक्या काठावर, तो डाग मीठ नाही हे कुणाला कळलं म्हणजे? इथे निदान खोपट बांधून देतील. हा विचार आला तेव्हा गुणाजीला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची त्याला इतकी लाज वाटली की तो भरल्या ताटावरून उठला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्याला वाटे, जाऊन सरळ विचारावं. बाबा रे, तुला ठाऊक आहे का? पण विचारलं की दोघांना ठाऊक होणार, आणि मग ती गोष्ट खरी होणार. तोवर झाकली मूठ. कल्याणला सरकारी दवाखाना होता. तिथवर दोघांनी जावं असंही एकदा त्याच्या मनात आलं, पण दवाखान्याच्या पायरीवर कोपरचं कुणीतरी भेटणारच, आणि कोपरच्या माणसाला बाकी काही येत नसलं तरी दुसऱ्याच्या दुखण्याची वास्तपुस्त करायला छान येते.

सहाव्या दिवशी काळुरामच आला. गुणाजी एकटाच तापवणीच्या बांधावर बसला होता; भरतीचं पाणी आधी जिथे साठवून उन्हाने जाड करतात ते मोठं तळं म्हणजे तापवणी. दुपारचं पाणी हलत नव्हतं. काळुराम येऊन बसला, पण जवळ नाही, एक माणूस मध्ये मावेल इतक्या अंतरावर. पूर्वी तो असा बसत नसे. पूर्वी तो गुणाजीच्या मांडीला मांडी लावून बसायचा आणि त्याची तंबाखू न विचारता काढायचा. मधली ती रिकामी जागा गुणाजीच्या डोळ्यांत खुपली, आणि ती जागा काळुरामने नव्हे, आपण ठेवली आहे, कल्याणपासून रोज थोडी थोडी, हे त्याला उमगलं. काळुराम पाण्याकडे बघत होता. उजवा हात त्याने धोतरात गुंडाळला होता.

"दादा, मना देऊ नको," तो म्हणाला.

गुणाजी नखाने बांधाची माती उकरू लागला.

"सुराची जागा कोनालाबी दे. मी मागं पाटीवर उभा र्‍हाताव. खेलाला नको बोललास तरी चालंल. पन आगर नको सोडवू. हितं मना समदी वलखतान."

समदी वलखतान. सगळे ओळखतात. ओळखतात तेच तर भय आहे, असं गुणाजीला ओरडून सांगावंसं वाटलं. त्याने मान वळवली. काळुराम आता त्याच्याकडे बघत होता, आणि त्या नजरेत विनवणी नव्हती, परीक्षा होती. डोळे बांधून बोटाला वस्तू लावावी तसा तो काहीतरी लावून बघत होता आणि गुणाजीला काय कळतं याची वाट बघत होता. गुणाजीला तेव्हा पक्कं समजलं की याला सगळं ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हेही याला ठाऊक आहे. एक शब्द पुरला असता. हात पुढे करून त्या धोतरात गुंडाळलेल्या हातावर ठेवला असता तर शब्दही लागला नसता. गुणाजी म्हणाला, "टोलीचा इचार हाय रे. माज्या एकट्याचं काय चालतं?" इतकं खोटं तो आयुष्यात बोलला नव्हता. टोळीत त्याच्या एकट्याचंच चालत असे. काळुराम बरं म्हणून उठला. जाताना बांधाच्या कडेने गेला, गुणाजीला आपला वारासुद्धा लागू नये इतक्या बेताने, आणि गुणाजी त्या बेतासाठी मनातल्या मनात त्याचा ऋणी झाला. त्याला आपलीच किळस आली.

त्या संध्याकाळी बायजा म्हणाली की तळ्यावर तुळसा भेटली होती, रडत होती. म्हणाली, खडवली सोडून इथे आले, आता इथलं सोडून कळव्याला, मी काय उसन्या वरवंट्यासारखी दारोदार फिरू. बायजाने त्याच्या पानात आमटी वाढली आणि ती सहज म्हणाली, पोरगा तुझा जीव की प्राण होता, आणि हल्ली तू त्याला दारात उभा करतोस, काही बिनसलंय का? गुणाजी म्हणाला, आगराच्या भल्याचं आहे. बायजा म्हणाली, आगराचं भलं झालं की तुझा चेहरा असा होतो, हे मला माहीत नव्हतं. तिला सांगावं असं त्याला फार वाटलं. पण बायजा दुसऱ्या दिवशी तुळसाबरोबर तळ्यावर जाणार होती, त्याच दगडावर धुणं आपटणार होती, आणि तिला सांगून मग जाऊ देणं किंवा सांगून अडवणं, दोन्ही त्याच्याने होण्यासारखं नव्हतं. आठव्या दिवशी त्याने दगडूला सांगितलं की द्यायचा. दगडूने त्याच्या दूरदृष्टीची स्तुती केली.

माघी पौर्णिमेच्या सकाळी कोपरची दहा-बारा माणसं कळव्याच्या आगरावर गेली. काळुराम पुढे, तुळसा बोचकं घेऊन मागे. धोंडीबा बांधावर उभाच होता, उंच, पोट सुटलेला, उघड्या मनाचा माणूस. त्याने काळुरामला बघताच दोन्ही हात पसरले, पण रिवाजाआधी मिठी मारायची नसते म्हणून आवरले. सहदेव आणि आनंदा नवी मुंडाशी बांधून लाजत उभे होते. कळव्याच्या बायका आपल्या नव्या सुराला बघायला जमल्या होत्या. या बदलाला कागद लागत नाही. देणारा नाईक खोड नाही म्हणून सांगतो, मग दिल्या जाणाऱ्या गड्याचा उजवा हात आपल्या हाताने धरतो आणि घेणाऱ्या नाइकाच्या हातात ठेवतो. संपलं. लेक देताना करतात तसंच, फक्त अक्षता नाहीत. गुणाजीला हे लहानपणापासून माहीत होतं. आणि आता, बांधावर उभं असताना, त्याला दिसलं की आठ दिवस आपण न्याय करत नव्हतो. कोपरचा, कळव्याचा, मडक्याचा, नातवंडांचा, कसलाच विचार आपण करत नव्हतो. आपण या एका घडीचा विचार करत होतो. तो हात धरावा लागेल, याचा.

आधी धोंडीबाने आपले दोघे दिले. खोड नाही, म्हणाला, आणि सहदेवाचा हात धरून गुणाजीच्या हातात ठेवला, मग आनंदाचा. दोघांचे हात घामेजलेले, गरम, जिवंत होते. गुणाजीने ते घेतले, दाबले, सोडले. लोक हसले. आता त्याची पाळी होती.

"खोड?" धोंडीबाने रीतीप्रमाणे विचारलं.

"नाय," गुणाजी म्हणाला.

काळुरामने उजवा हात पुढे केला. कोपर ताठ, तळवा खाली, बोटं किंचित वाकलेली. अंगठ्यावर आणि पहिल्या बोटावर जुन्या भाजल्याच्या खुणा, ज्यांच्याकडे कोण बघणार, आगऱ्याचा हात फुटलेलाच असतो. हात पुढे करून त्याने मान दुसरीकडे वळवली. मागे तुळसाने बोचकं खाली ठेवलं होतं आणि ती तोंडाला पदर लावून उभी होती, तिच्याकडे तो बघत होता, धीर देत असावा. गुणाजीने हात उचलला. मनगट धरावं, मनगटाला अजून कळत असेल, हे त्याला सुचलं नाही. सुचायला माणसाला हात धरायचा असावा लागतो. त्याने श्वास रोखला आणि आपल्या बोटांची नुसती टोकं काळुरामच्या बोटांच्या टोकांना लावली, तव्याला लावावीत तशी, आणि तिथेच थांबला. एवढ्यात हात उचलला गेला असता तर सगळं निभावलं असतं. पण उचलायचा तर घट्ट धरायला हवा होता, आणि तो धरत नव्हता. धोंडीबा तळवा पसरून उभा होता. काळुराम तुळसाकडे बघत उभा होता, हात लांब केलेला, बिचारा वाट बघत. सगळ्यांना दिसत होतं की हाताला हात लागला आहे. खाडीवरून वारा येत होता.

मग काळुरामने, मान न वळवता, नेहमीच्या आवाजात विचारलं,

"धरलास का र, दादा?"

कुणाला काही समजायला एक क्षण गेला. दगडूचं हसू तोंडावर तसंच राहिलं. धोंडीबाने त्या दोन हातांकडे पाहिलं, एकमेकांना लागलेल्या बोटांकडे, मग बाजूला झुकून काळुरामच्या पाठीवरच्या डागाकडे, आणि मग त्याने आपला पसरलेला तळवा हळूहळू मागे घेतला. त्याला कुणी शिवलं नव्हतं, तरी त्याने तो धोतराला पुसला. मागच्या बायकांत कुणीतरी पोराला आत ओढलं. कोपरची माणसं सरकली. गोविंदा, जो बैलाचं बोलला होता, तोही सरकला. काळुरामने तेव्हा मान वळवली, आपल्या हाताकडे पाहिलं, आणि त्याला कळलं.

"धरलाय," गुणाजी म्हणाला, आणि मग त्याने तो खरोखर धरला, दोन्ही हातांनी, मनगटापर्यंत, दुखेल इतका घट्ट. काळुराम गप्प राहिला. बांधावर जागा होत गेली, आणि तो हात कुणाच्या हातात ठेवावा म्हणून गुणाजी समोर बघत उभा राहिला.